आरतीच्या शेवटच्या ओळीतलं नाव

देवाच्या कृपेचे अनुभव लोक लिहितात तेव्हा सुरुवातीला ते फार खचलेले असतात, असं मी वाचत आले आहे. मी खचले नव्हते. मी चिडले होते, आणि ज्या देवीच्या दारात मला हा अनुभव आला तिच्यावरही मी चिडलेच होते. कविता तिनंच दिली होती ना मला? कुणी मागितली होती? माझं माहेर शेवगावकडचं, ज्वारी-कपाशीचं, आणि सासर प्रवरेकाठचं, उसाचं. दोन्हीकडं कुणी कधी एक ओळ जुळवल्याचं ऐकिवात नाही. मलाच ही खाज. आणि ती सुटायची वेळ तरी बघा. डाळीला फोडणी देताना ओळ सुचणार. पाहुण्यांसमोर चहाचा ट्रे धरून उभी असताना सुचणार. सासूबाईंच्या दहाव्याला नदीवर सगळे कावळ्याकडं डोळे लावून बसलेले, तेव्हा मला यमक सुचत होतं, आणि मी तोंडाला पदर लावून ते पाठ करत होते. बायकांना वाटलं, सून किती रडतेय. तेच सगळं आवरून, हात पुसून, कागद घेऊन बसावं, तर डोकं कोरं. तीस वर्षं हा छळ मी सोसला आहे. ही देणगी असेल तर देणाऱ्याला देण्याची रीत माहीत नाही, असं माझं स्पष्ट मत होतं आणि ते मी देवीला वेळोवेळी ऐकवलंही होतं.

आमचं गाव कोल्हारपासून फार लांब नाही. नाव सांगत नाही, कारण इथं सगळे अजून माझ्याशी बोलतात आणि ते तसंच राहावं अशी इच्छा आहे. यजमानांचं खताबियाण्याचं दुकान आहे. गावात मी 'कविता करणाऱ्या वहिनी' म्हणून ओळखली जाते, आणि ही ओळख म्हणजे सगळ्यांची हक्काची सोय आहे. कुणाचा वाढदिवस आला की फ्लेक्सवर टाकायला चार ओळी हव्यात. गुरुजी निवृत्त झाले, द्या चार ओळी. लग्न ठरलं की मंगलाष्टक हवं, आणि त्यात दोन्हीकडच्या सगळ्या मामा-मावश्यांची नावं गुंफलेली हवीत. एक जरी मामा सुटला तर मांडवात रुसवे. हळदीकुंकवाला तर नव्या सुना माझ्याभोवती कोंडाळं करून उखाणे मागतात. या सगळ्यातून उरलेल्या वेळात मी जे माझं म्हणून लिहिलं ते कुणी वाचायला मागितलं, असं एकदाही झालेलं नाही. ह्यांनी एकदा वाचलं होतं. 'चांगलंय, पण यात कुणाचं नाव नाही,' एवढंच म्हणाले.

एका हिवाळ्यात शेवगावला कविसंमेलन होतं. माहेरच्या गावाकडून आमंत्रण, म्हणून मी हौसेनं गेले. माझा नंबर जेवणानंतर लागला. समोर निम्मा मांडव पेंगत होता, उरलेला निम्मा उठून चालला होता, आणि मी दुसरं कडवं वाचत होते तेव्हा मंडपवाल्यांची माणसं पुढच्या सतरंज्या गुंडाळायला लागली. मी थांबले तर निवेदक खालून खुणेनं म्हणतो, चालू द्या, चालू द्या. सतरंज्या गुंडाळणाऱ्यांना मी कविता ऐकवली. वर शाल आणि नारळ देऊन सत्कार झाला, तेव्हा टाळ्या मात्र चांगल्या वाजल्या. परत येताना बसमध्ये माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. दुसऱ्या दिवशी त्या नारळाची चटणी वाटली आणि घरात जाहीर केलं की आजपासून लिहिणं बंद. हे म्हणाले, 'बरं झालं, भाजी करपायची नाही.' मी खरोखरच बंद केलं. ओळ सुचली तरी लिहून ठेवायची नाही, असं ठरवलं. हळूहळू सुचणंही थांबलं. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण तसं काही वाटलं नाही. घरातलं एखादं माणूस न सांगता निघून जावं आणि मग आपल्यालाच त्याचा राग यावा, तसं झालं.

आमच्या देवीचं, जानाईचं, नवरात्र आश्विनात नसतं, पौषात असतं. अष्टमीला सुरू होतं आणि पौर्णिमेला यात्रा भरते. गेल्या दोन-तीन वर्षांत गावानं मंदिर नव्यानं बांधलं, फरशी बसवली, भोंगे लावले, आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की आपल्या देवीला स्वतःची आरती नाही. इतकी वर्षं दुसऱ्या देवीच्या आरत्यांवरच भागत होतं. भजनी मंडळाचे किसनअण्णा मार्गशीर्षात घरी आले. ट्रॅक्टरच्या पार्टांचं दुकान आहे त्यांचं, पेटी छान वाजवतात, गळा गोड आहे आणि ते त्यांना माहीत आहे. म्हणाले, 'वैनी, आईची आरती तुमीच लिव्हायची.' मी म्हटलं, अण्णा, मी लिहिणं सोडलंय. 'कविता सोडली आसंल. आरती कुटं कविता असती?' असं म्हणून ते चहा पिऊन गेले. त्यांच्या त्या वाक्यानं माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की मी नाहीच लिहायचं ठरवलं.

आणि मग एका सकाळी मी मेथी निवडत बसले होते. मनात काही नव्हतं, देवी तर नव्हतीच. पानं खुडता खुडता ओळ आली, तिच्यामागं दुसरी आली, आणि मी उठून कागद आणेपर्यंत ती हलली नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा ती माझ्यासाठी थांबली. चार कडवी एका बैठकीत उतरली. एक शब्द खोडावा लागला नाही. मंगलाष्टकाला सुद्धा मी याच्या तिप्पट कागद फाडते. शेवटचं कडवं असं होतं:

थकल्या पायी आलो, टेकला दारी माथा
लेकरू म्हणे, आई, सोडू नको हाता

आता ज्यांना रीत माहीत आहे त्यांना ठाऊक असेल की आरतीच्या, अभंगाच्या शेवटच्या ओळीत रचणाऱ्याचं नाव येतं. अमका म्हणे, तमका म्हणे. मी माझं नाव घातलं नाही. त्यामागं काही मोठी विरक्ती वगैरे नव्हती. मी लिहिणं सोडलंय असं सगळ्यांना सांगून बसले होते, आता नाव कुठल्या तोंडानं घालणार? शिवाय ते माझ्याच्यानं झालंय असं मला वाटतही नव्हतं. 'लेकरू' आपणहून आलं होतं, ते राहू दिलं. कागद ह्यांच्याबरोबर अण्णांकडं धाडला आणि कुणाला कळू न देता अष्टमीची वाट बघत बसले.

अष्टमीच्या संध्याकाळी नवी साडी नेसून मंदिरात गेले. बायकांच्या बाजूला, खांबाशी उभी राहिले. अण्णांनी चाल खरंच सुरेख लावली होती. पहिलं कडवं झालं, माझ्या अंगावर काटा आला. माझे शब्द गावच्या तोंडात होते, टाळ्यांच्या ठेक्यात होते, म्हाताऱ्या बायका डोळे मिटून डोलत होत्या, आणि सतरंज्या गुंडाळायला कुणी आलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. तेवढ्यात शेवटचं कडवं आलं आणि अख्खं गाव भोंग्यावरून गायलं, 'किसन म्हणे, आई, सोडू नको हाता.' शेवटची ओळ दोनदा म्हणायची असते, म्हणून पुन्हा एकदा, 'किसन म्हणे.' तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. बाहेर आले तर मंडपाच्या कमानीशेजारी फ्लेक्स, त्यावर आरती छापलेली, शेवटची ओळ तीच, आणि कोपऱ्यात अण्णांचा फोटो.

घरी येऊन मी भांडी आदळली. हे म्हणाले, 'अगं, तूच म्हणालीस ना, आपण लिहीत नाही. मग तुझं काय चोरलं?' या माणसाला कुठं काय बोलावं याची पोच नाही. पण प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. मी लिहिणारी नव्हते तर माझं काय गेलं? आणि काही गेलं नव्हतं तर मग मला रात्रभर झोप का आली नाही? सकाळी उठून मी सरळ अण्णांच्या दुकानात गेले. चार गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्यादेखत विचारलं. अण्णा काही लपवायला गेले नाहीत, हे मला सांगितलं पाहिजे. म्हणाले, 'वैनी, आरतीला शेवटाला नाव लागतंच. तुमी लेकरू लिव्हलं. तालमीत पोरं इचारत हुती, लेकरू कोन? तिथं आलं की समदे अडखळायचे. तुमचं नाव घालून बगितलं, तर ते पडलं चार अक्षरी, त्यात जोडाक्षर, चालीत बसंना. म्या म्हनत हुतो म्हनून पोरं म्हनली, तुमचंच घाला. तीन अक्षरात चपखल बसलं.' म्हणजे माझ्या आईबापांनी नाव ठेवताना किसनअण्णांच्या चालीचा विचार केला नाही, ही आमची चूक. मी सांगितलं, पौर्णिमेच्या यात्रेला माझं नाव आलं पाहिजे, नाहीतर माझी आरती माझ्या देवीपुढं कुणी म्हणायची नाही. अण्णा ओशाळले. 'बगतो,' म्हणाले.

मग गावाला तोंड फुटलं. ज्या बायका माझ्याकडून उखाणे फुकट नेतात त्याच म्हणू लागल्या, देवीच्या दारात कसलं एवढं नावाचं, सगळं तिचंच आहे. हे वाक्य मी त्या आठवड्यात इतक्यांदा ऐकलं की माझ्या कपाळाची शीर उडायला लागायची. सगळं तिचं आहे तर किसनचं नाव कसं चाललं? पुरुषाचं नाव भोंग्यावर गेलं तेव्हा कुणाला विरक्ती आठवली नाही. बाईनं तोंड उघडलं आणि लगेच सगळे संत झाले. रोज संध्याकाळी सहा वाजले की भोंगा सुरू व्हायचा, आरती नदीपर्यंत ऐकू जायची, आणि शेवटच्या ओळीला मी मिक्सर लावायची. ह्यांनी दोनदा विचारलं, रोज एवढं काय वाटतेस.

पौर्णिमेच्या दुपारी मी देवळात गेले. दर्शनाला नाही. भांडायला. यात्रेचे लोक तिसऱ्या प्रहरानंतर येतात, पुजारी जेवायला गेले होते, गाभाऱ्यात कुणी नव्हतं. मी हातही जोडले नाहीत. म्हटलं, आई, तू मला ही खाज दिलीस, त्याचं मी काही मागितलं नाही. वर्षानुवर्षं नको त्या वेळी छळलंस, तेही सोसलं. मी दार लावून घेतलं तेव्हा तू मागच्या दारानं आलीस, आणि एकदाच, फक्त एकदाच, मला हवं होतं तसं दिलंस. आणि ते दुसऱ्याच्या नावावर लावून मोकळी झालीस. आज माझं नाव आलं नाही तर मी तुझ्या पायरीला येणार नाही. मी हे मनात नाही, चांगलं मोठ्यानं बोलत होते, कारण मला वाटलं, मी एकटीच आहे.

'ताई,' मागून आवाज आला, 'त्यो किसन बरा हाय का आता?'

मी दचकले. सभामंडपाच्या कोपऱ्यात, भिंतीवरच्या विजेच्या बोर्डाखाली एक म्हातारी बसली होती. नऊवारी लुगडं, त्यावर पुरुषाचा जुना स्वेटर, डोक्याकानांना फडक्याची टापर गुंडाळलेली. बोर्डाला एक मोबाईल लावलेला होता आणि ती त्याच्याकडं राखण केल्यासारखी बघत होती. ऊसतोडीला आलेल्या टोळीतली होती हे लगेच कळलं. नदीच्या अंगाला त्यांच्या पाचटाच्या कोप्या पडल्या होत्या, तिथं वीज नसते, त्यामुळं ही माणसं मोबाईल चार्ज करायला मंदिरात येतात. बोलण्यावरून ती माझ्याच माहेरच्या बाजूची, शेवगावच्याही पलीकडची. मी विचारलं, कोण किसन?

'आसं काय करता? रोज दिस बुडायला त्याच्यासाठी आरती करता न्हाई का समदं गाव. किसन म्हने, आई, हात सोडू नगं. मला वाटलं, कुनाचं तरी पोरगं लई आजारी हाय. आमी कोपीत बसून ऐकत हुतो. मी बी हात जोडायची त्याच्यासाठी. आज आराम हाय का त्याला?'

मला हसावं की रडावं कळेना. मी तिच्याजवळ बसले आणि समजावून सांगितलं की मावशी, किसन ठणठणीत आहे, चौकात दुकान आहे त्याचं. तिथं आजाऱ्याचं नाव नसतं. ज्यानं आरती रचली त्याचं नाव असतं, म्हणजे असायला पाहिजे. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, 'रचनाराचं? मंग, त्याला काय झालंय?'

मी म्हटलं, काही झालेलं नाही, पण रीत आहे. कवीचं नाव शेवटी येतं.

'आसंल,' ती म्हणाली. पटलं नव्हतं ते दिसतच होतं. 'पर ज्याला काय झालंच न्हाई, त्यानं आईला हात सोडू नगं कशाला म्हनायचं? आईनं त्याचंच नाव ऐकत बसायचं का रोज? आमची सारिका दवाखान्यात हाय. मी तर तिचंच नाव घालून म्हन्ते.'

आणि तिनं म्हणून दाखवली. आवाज फाटलेला, चाल अर्धी अण्णांची आणि अर्धी तिची स्वतःची. मधले शब्द गाळलेले, एका ठिकाणी तर माझी चांगली उपमा टाकून तिनं भलतंच काहीतरी बसवलं होतं, आणि दुसऱ्या कुणी ते केलं असतं तर मी सोडलं नसतं. शेवटाला आली आणि तिनं डोळे मिटले. 'सारिका म्हने, आई, सोडू नको हाता.' ते नाव त्या जागी चपखल जाऊन बसलं.

सारिका तिची सून. नवराबायकोची जोडी ऊस तोडायला आलेली, ही म्हातारी कोपी सांभाळायला. सुनेला आठवा महिना लागला तरी ती उसाच्या फडात जात होती. एक माणूस घरी बसलं तर जोडी मोडते आणि टोळी आणणारा मुकादम ऐकून घेत नाही. आदल्या दिवशी मोळी उचलताना ती कोसळली. अंगावरून जायला लागलं. पोरानं तिला गाडीत घालून सरकारी दवाखान्यात नेलं, तिथून पुढं मोठ्या दवाखान्यात नेलं, आणि तेव्हापासून काही कळलं नव्हतं, कारण हिच्या मोबाईलची बॅटरी गेली होती. आता मोबाईल चालू झाला होता आणि तो वाजायची ती वाट बघत होती. मध्येच तो हातात घ्यायची, काच स्वेटरला पुसायची आणि परत ठेवायची. मी विचारलं, आपण लावू का फोन. तिनं मान हलवली. पोरगं म्हणालंय, मीच करतो, तू करू नको. मला वाटतं, तिला विचारायची भीती वाटत होती.

मग तिनं माझा हात धरला. 'ताई, तुमी गावच्या दिसता. माझं म्हननं कोपीच्या भाईर जात न्हाई. तुमचं भोंग्यावरनं जातंय. आजच्या आरतीला सारिकाचं नाव घाला म्हनावं. किसनला काय झालं न्हाई तर त्याचं एक दिस ऱ्हाऊ द्या.'

मला तेव्हा काय वाटलं ते खरं सांगते. मला राग आला. आठवडाभर सगळ्या गावाशी वैर घेऊन मी त्या एका जागेसाठी भांडत होते, आणि ती जागा मिळायची वेळ आली तेव्हा ही बाई ती मागत होती. माझ्यापुढं हात पसरून, जणू ती माझीच द्यायची आहे. मी गाभाऱ्याकडं बघितलं. म्हटलं, ही तुझी तऱ्हा का? मी भांडायला आले आणि तू मला उत्तर द्यायला हिला बसवून ठेवलंस? देवी काही बोलली नाही. ती बोलत नसते. म्हातारीला मी 'बघते' म्हटलं, अगदी अण्णांच्या सुरात, आणि घरी आले.

संध्याकाळी मंदिरात पाय ठेवायला जागा नव्हती. कोल्हारहून, पुणतांब्याकडून, कुठून कुठून माणसं आली होती. मी जाते तर अण्णा माझ्याचसाठी दारात थांबलेले. 'वैनी, बसवलं बगा तुमचं नाव,' ते म्हणाले. 'दोन दिस पेटी सोडली न्हाई. म्हने ह्यो शब्द थोडा आखडता घ्यायचा, मंग जोडाक्षर जातंय निघून. आज तुमीच माइकवर म्हना, आमी मागं हावोत.' फ्लेक्सवर त्यांनी स्वतःच्या फोटोवर पांढरा कागद चिकटवला होता आणि त्यावर माझं नाव रंगानं लिहिलं होतं. मी ज्याला आठवडाभर मनात चोर म्हणत होते तो माणूस घामाघूम होऊन माझ्याकडं बघत होता, की आता तरी ही बाई हसेल. मी हसले. मला माझं नाव बघून फार आनंद झाला, हेही सांगते. ते नाव एवढ्या मोठ्या अक्षरात मी लग्नाच्या कमानीवर सुद्धा पाहिलं नव्हतं.

माइक हातात आला. पेटी लागली. पहिली तीन कडवी मी कशी म्हटली ते आठवत नाही. डोळे खांबांच्या मधून त्या बोर्डाकडं जात होते. तिथं आता मोबाईल नव्हता, म्हातारीही नव्हती. तिला फोन आला का, काय कळलं, काही माहीत नव्हतं. शेवटचं कडवं सुरू झालं. अण्णांनी मान डोलावून खूण केली की आता नाव. मला माझं नाव घ्यायचं होतं. तोंड उघडलं ते त्याच्यासाठीच. आणि तोंडातून आलं, 'सारिका म्हणे, आई, सोडू नको हाता.'

टाळ चुकले. मागं कुणीतरी 'कोन?' म्हणालं. अण्णांचा हात पेटीवर क्षणभर अडला. पण ते खरे गाणारे आहेत. तीन अक्षरं ऐकल्याबरोबर त्यांनी जुनी चाल धरली आणि ओळ दुसऱ्यांदा आली तेव्हा सगळं गाव गायलं, सारिका कोण हे ठाऊक नसताना, भोंग्यावरून नदीपर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं. माझ्या गालावरून पाणी वाहत होतं आणि माझा राग कुठं गेला ते मला कळलं नाही. घरी जाताना हे म्हणाले, 'तुझं हे टोपणनाव मला कधी सांगितलं नाहीस.' मग मी त्यांना सगळं सांगितलं. घरी पोचल्यावर त्यांनी मला बसवलं आणि चहा स्वतः ठेवला. त्यांना पोच नाही असं मी मघाशी लिहिलं, ते दरवेळी खरं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी तिळाचे लाडू घेऊन कोप्यांवर गेले. म्हातारी चुलीपुढं बसली होती. सारिका वाचली होती. पोर गेलं होतं. मुलगी होती, चांगली वाढ झालेली. म्हातारीनं माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाली, 'धरला बगा आईनं हात.' मला ओरडावंसं वाटलं. एकीचा धरला आणि दुसरीचा सोडला, त्याला काय म्हणायचं? आठव्या महिन्यात बाईला फडात उभी करणाऱ्या मुकादमाला काय म्हणायचं, आणि त्याच्या वरच्यांना काय म्हणायचं? पण मी तिच्याकडं बघितलं. ती सून परत मिळाल्याच्या आनंदात होती आणि नात गेल्याच्या दुःखात होती, आणि दोन्ही एकाच वेळी धरून भाकरी थापत होती. मला तिनं गरम भाकरी दिली. ती मी तिथंच बसून खाल्ली. आरतीनं सारिका वाचली असं मी म्हणत नाही. डॉक्टरांनी वाचवली, आणि का वाचली, का नाही वाचली, हे देवीला विचारायचं मी अजून सोडलेलं नाही. आठ दिवसांनी टोळी दुसऱ्या गावाच्या फडावर गेली.

पण आरती बदलली ती बदललीच. नवरात्र संपलं की आरती फक्त देवीच्या वारी, मंगळवारी होते. पुढच्या मंगळवारी चव्हाणांच्या धाकट्याचा अपघात झाला होता, त्याची आई आरतीच्या आधी अण्णांच्या कानाशी लागली, आणि त्या दिवशी त्याचं नाव आलं. मग हे रीतीचंच होऊन बसलं. कुणाची बारावीची परीक्षा, कुणाचं ऑपरेशन, कुणाचा पोरगा दारू सोडायला गेलेला. फ्लेक्स पावसानं गेला, तो कुणी परत लावला नाही. आरती कुणी लिहिली हे आता नव्या सुनांना माहीतही नाही. उन्हाळ्यात किसनअण्णांच्या छातीत कळ आली आणि त्यांना नगरला नेलं, तेव्हा त्यांची पेटी बंद होती. माइक माझ्याकडं आला आणि मी पुन्हा 'किसन म्हणे' गायले. त्या नावावर माझा आवाज एवढा लागला की दोन दिवस घसा बसला होता. अण्णा परत आले, आता थोडं हळू वाजवतात.

कविता येते का, असं कुणी विचारत नाही, पण मीच सांगते. येते, अजूनही नको त्या वेळी येते, आणि फोडणी अजूनही जळते. मी भांडते, पण दार लावत नाही. जे येतं ते लिहून ठेवते, कुणाला हवं असेल त्याला देते, आणि माझ्या हातून गेलेली ओळ पुढं कुणाच्या तोंडात कशी बदलेल यावर माझा अधिकार नाही हे मला मान्य करावं लागलं आहे. आनंदानं केलं असं म्हणणार नाही. एवढं मात्र खरं की त्या दुपारी देवीनं मला ऐकून घेतलं, आणि त्याबद्दल मी तिचे पाय धरते. आता दर मंगळवारी शेवटचं कडवं आलं की मी खांबाशी उभी राहून आज कुणाचं नाव येतंय ते कान देऊन ऐकते. त्या जागी नाव आलं म्हणजे त्या माणसावर काहीतरी आलेलं असतं. माझं नाव घालायची चाल अण्णांनी बसवून ठेवली आहे, ती त्यांना अजून पाठ आहे, आणि एक दिवस गाव ती म्हणणार हे मला माहीत आहे. देवीला एवढंच सांगते की माझी घाई नाही, जितका उशीर होईल तितका बरा.